ट्राउटची काठी आणि तिची तरंगती दोरी

मासे धरणें हा विषय कोंकणांतल्या श्रोत्यांना नवा नाहीं. खाडीच्या कांठीं गरवायला बसलेला माणूस दोरीला शिशाचा गोळा बांधतो, गोळ्याजवळ आमिषाचा गळ असतो, आणि दोरीचें टोंक हातानें गरगर फिरवून तो तें पाण्यांत भिरकावतो. दूर जातें तें शिसें; दोरी बिचारी त्याच्यामागें ओढली जाते. गळाला काठी व रीळ जोडलें तरी हा क्रम बदलत नाहीं. परंतु थंड पाण्यांतला ट्राउट मासा धरण्याची जी पद्धति ब्रिटनमध्यें वाढली व तेथून जगभर गेली, तिच्यांत हा क्रम उलटा आहे. तो उलटा आहे हें ध्यानांत न आल्यामुळेंच पुष्कळ हौशी लोक दुकानांतून भलतीच दोरी घेऊन येतात आणि मग वर्षानुवर्षें काठीला दोष देत बसतात.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागीं स्थिर राहतो व वाहत येणारे लहानसहान किडे टिपून खातो. म्हणून बारीक गळावर पिसें, केस व रेशीम गुंडाळून त्या किड्यांसारखी दिसणारी एक खोटी माशी तयार करतात. मराठींत मासा व माशी हे शब्द फार जवळचे आहेत, म्हणून सांगून ठेवलेलें बरें, कीं येथें मासा हा खाणारा व माशी ही त्याची फसवणूक. ही माशी इतकी हलकी असते कीं फुंकरीनें उडावी. ती हातानें फेंकूं म्हटलें तर चार हातांवर जाऊन पडायची नाहीं. तिला तीस-चाळीस फूट पलीकडे नेतें कोण? तर दोरी नेते. गरीच्या शिशाचें वजन येथें दोरीच्याच अंगांत सर्वत्र वांटलेलें असतें. दोरीच्या पुढें नऊएक फूट लांबीचा पारदर्शक नायलॉनचा तंतु असतो, त्याला लीडर म्हणतात, आणि त्याच्या शेंवटीं माशी बांधलेली असते.

काठीचें काम हें वजन उडविण्याचें. दोरी प्रथम मागें, पाठीमागच्या मोकळ्या हवेंत, पूर्ण लांब होऊं द्यावयाची. तिच्या ओढीनें काठी वांकते. नंतर हात पुढें येऊन थांबला कीं वांकलेली काठी सरळ होते आणि दोरीला पुढें हांकलते. शेताच्या माळ्यावर उभा राहून पाखरें हांकणारा पोरगा गोफणींत कसा बेताचाच धोंडा घालतो! चिमुकला खडा घातला तर गोफण नुसती फिरते, तिला ओढ लागत नाहीं. मोठा दगड घातला तर हातच खांद्यांतून ओढला जातो. काठी ही गोफण मानली तर दोरी हा धोंडा. मात्र हा धोंडा तीस फूट लांब असल्यामुळें डोळ्यांनीं त्याचा अंदाज करतां येत नाहीं, आणि सारी अडचण येथेंच आहे.

एक उदाहरण कल्पावें. पुण्याचा एक गृहस्थ व त्याची कॉलेजांत शिकणारी मुलगी सप्टेंबरांत काश्मीरला निघालीं आहेत. महाराष्ट्रांतल्या नद्यांत ट्राउट मिळावयाचा नाहीं; पाणी वीस अंश सेंटिग्रेडच्या वर तापूं लागलें कीं त्या माशाचा जीव घाबरा होतो. परंतु काश्मीरच्या ओढ्यांत तपकिरी ट्राउटची वस्ती १९०० सालीं ब्रिटनमधून आलेल्या अंड्यांपासून झाली. आदल्या वर्षीं आणलेलीं अंडीं वाटेंतच मेलीं होतीं. पुढें कुलूच्या खोऱ्यांत व दक्षिणेंत निलगिरीवरहि हा परका मासा नेऊन सोडण्यांत आला आणि रुजला. पितापुत्रींचा बेत पहलगामजवळ लिद्दर नदीवर परवाना काढून एक दिवस काढण्याचा आहे. बापाजवळ त्याच्या आजोबांची, सरकारी नोकरींत असतां घेतलेली, कळकाच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली साडेआठ फुटांची काठी आहे. मुलीनें कार्बनची नवी नऊ फुटी काठी घेतली आहे. दुकानदारानें दोघांना सहा नंबरची एकेक तरंगती दोरी दिली आणि सांगितलें, "कोणत्याहि काठीला चालते." त्यांतली एक दोरी योग्य ठरेल, दुसरी आजोबांची काठी बहुधा बिघडवील.

मुलीच्या काठीवर मुठीच्या जरा वर ५ हा आंकडा छापलेला आहे. आजोबांच्या काठीवर आंकडा नाहीं. तेथें शाईनें एच, डी, एच अशीं तीन इंग्रजी अक्षरें लिहिलेलीं आहेत. हीं अक्षरें म्हणजे काठीची किंवा तिच्या धन्याची आद्याक्षरें नव्हेत. तीं दोरीच्या जाडीचीं अक्षरें आहेत. त्या काळीं दोरी रेशमाची असे. तिची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजीत आणि प्रत्येक मापाला एक अक्षर देत. ए म्हणजे ६०, बी म्हणजे ५५, असें पांच-पांचनें उतरत डी म्हणजे ४५ आणि एच म्हणजे २५. एचडीएच याचा अर्थ दोन्ही टोंकांस बारीक आणि पोटांत जाड. रेशीम एकच जिन्नस होता तोंपर्यंत जाडी सांगितली कीं वजन आपोआप कळत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या व पुढें डेक्रॉनच्या दोऱ्या आल्या. नायलॉन रेशमापेक्षां हलकें. तेव्हां रेशमाची एचडीएच आणि नायलॉनची एचडीएच यांची जाडी तेवढीच, पण वजन निराळें. आणि काठीला जाडी कळत नाहीं, तिला वजनच कळतें! गिऱ्हाइकांची फसगत होऊं लागली, तेव्हां १९६१ च्या सुमारास अमेरिकेंतील मासेमारीच्या साहित्याच्या कारखानदारांच्या संघानें अक्षरें टाकून दिलीं व वजनाचे नंबर ठरविले. आज जगभर तेच चालतात.

नियम असा, कीं दोरीचे पुढचे तीस फूट तेवढे तोलावे. अगदीं टोंकाला सरळ, निमुळता न होणारा जो थोडासा तुकडा असतो, तो हिशेबांत धरीत नाहींत. हें वजन ग्रेनमध्यें. चार नंबरला १२०, पांचला १४०, सहाला १६०, सातला १८५. घरांत जुना तोळा पाहिलेल्या श्रोत्यांना हें प्रमाण चटकन् समजेल, कारण पूर्वीचा पक्का तोळा १८० ग्रेनांचा होता. (आज सराफ दहा ग्रॅमनाच तोळा म्हणून मोकळे होतात, तो हा तोळा नव्हे.) म्हणजे चार नंबरची दोरी दोनतृतीयांश तोळा, पांच नंबरची पाऊण तोळ्याहून थोडी अधिक आणि सात नंबरची तोळ्याच्या किंचित् वर. एका नंबराचा फरक म्हणजे वीस ग्रेन, जुन्या भाषेंत दहा-अकरा गुंजा. एवढ्याशा वजनानें काय बिघडतें, असें वाटेल. परंतु नऊ फूट लांब काठीच्या निमुळत्या शेंड्याला त्या दहा गुंजा चांगल्याच जाणवतात, कारण तो शेंडा एखाद्या शिसपेन्सिलीहूनहि बारीक असतो.

आतां तीस फूटच कां, हें नीट समजून घेण्याजोगें आहे. कारण नंबराचा खरा उपयोग येथें आहे आणि चूकहि येथेंच होते. काठीवरचा ५ हा आंकडा असें सांगतो, कीं शेंड्याबाहेर तीस फूट दोरी असेल तेव्हां पांच नंबरची दोरी या काठीला जुळेल. पण मनुष्य नेहमीं तीसच फूट दोरी बाहेर काढतो थोडाच! पांच नंबरच्या १४० ग्रेनांना तिसांनीं भागलें तर फुटाला सुमारें पावणेपांच ग्रेन येतात. अरुंद ओढ्यांत वीसच फूट दोरी बाहेर असली तर वजन ९३ ग्रेन. शिवाय पुढचा भाग बारीक असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनहि कमी. तें तर तीन नंबरच्या १०० ग्रेनांइतकेंहि भरत नाहीं. काठीला वाटतें आपल्या हातीं कांहीं दिलेंच नाहीं. उलट रुंद पाण्यावर चाळीस फूट बाहेर असली तर १८७ ग्रेन, म्हणजे पांच नंबरच्या काठीवर सात नंबरचा भार. तेव्हां दोरी निवडतांना पहिला प्रश्न काठीला विचारावयाचा नसून नदीला विचारावयाचा आहे: मासा बहुतेक किती दूर असणार?

लिद्दरच्या खडकाळ पात्रांत मासा बहुधा मोठमोठ्या धोंड्यांच्या आडोशाला सांपडतो, आणि तेथें वीस-पंचवीस फुटांच्या आंतच काम होतें. कार्बनच्या नव्या काठ्या बहुधा ताठ असतात; ही जात १९७० नंतरच्या दशकांत बाजारांत आली व तिनें कळकाला मागें टाकलें. ताठ काठी आणि तोकडी फेंक असा योग असला म्हणजे छापील नंबरापेक्षां एक नंबर जड दोरी घेणें शहाणपणाचें असतें. म्हणून मुलीला मिळालेली सहा नंबरची दोरी, दुकानदाराला कारण ठाऊक असो वा नसो, तिला चांगलीच उपयोगी पडेल. तिनें तीच काठी एखाद्या तलावावर नेली व पन्नास फुटांची उमेद धरली तर मात्र पांच नंबरच बरा.

आजोबांची काठी निराळ्या स्वभावाची आहे. ती चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतल्या कळकाची. असल्या काठ्यांना तोच कळक वापरीत आणि जाणते कारागीर आजहि तोच वापरतात. ती सावकाश वांकते, मुठीपर्यंत वांकते आणि थोड्या वजनानेंहि वांकते. रेशमी एचडीएच दोरी आजच्या पांच वा सहा नंबरांच्या आसपास भरते. अशा दोन नंबरांमध्यें संशय असेल तर म्हाताऱ्या काठीला हलका नंबर द्यावा. जड दोरी घालून, वर ती लांब फेंकण्याची हौस केली, तर काठीला कायमचा बांक येतो, जुना सरस सुटून पट्ट्या उकलूं लागतात, किंवा जोडाच्या धातूच्या नळीपाशीं ती कडाड्कन् मोडते. दोरी चुकली तर दुसरी विकत मिळते. आजोबांची काठी मोडली म्हणजे ती गेलीच. त्या गृहस्थानें सहा नंबरची दोरी परत करून पांच नंबरची आणावी.

ज्या काठीवर आंकडाहि नाहीं आणि अक्षरेंहि नाहींत तिचें काय? अमेरिकेंत एक गंमतीची युक्ति निघाली आहे. काठीची मूठ आडवी, घट्ट बसवून शेंड्याला एक लहान पिशवी टांगतात व तींत एकेक सेंटचें नाणें टाकीत जातात. शेंडा काठीच्या लांबीच्या एकतृतीयांश इतका खालीं आला म्हणजे नाणीं मोजतात, आणि त्यांवरून नंबर काढतात. काठीचा जोर मोजण्यास ही रीत वाईट नाहीं, पण फेंकणाऱ्याच्या हाताचा गुण तींत मोजला जात नाहीं. त्यापेक्षां एखाद्या मैदानावर हिरवळींत उभें राहून, माशीच्या जागीं लोकरीचा गोंडा बांधून, दोन नंबरांच्या दोऱ्या उसन्या आणून फेंकून पाहाव्या. तीस फुटांवर दोरीला खूण करून ठेवावी. पुढें जाणारी दोरी हवेंत एक वळण घेते. तें आडव्या वेलांटीसारखें अरुंद व नेटकें दिसलें तर जोडी जमली. दोरी हलकी असेल तर काठी ताठच राहते, हात घाई करूं लागतो, मनगट दुखतें आणि वाऱ्याची झुळूक आली कीं दोरी वाटेंतच कोसळते. दोरी जड असेल तर वेलांटी पसरून मोठी होते, काठी दमल्यासारखी खालीं येते आणि दोरी पाण्यावर चापट मारल्यासारखी पडते. त्या आवाजानंतर त्या डोहांत मासा मागण्यांत अर्थ नाहीं. फेंकणारा नवशिका असेल तर हे दोष त्याच्या हाताचेहि असूं शकतात, म्हणून ही परीक्षा एखाद्या जाणत्याकडून करवावी.

दोरीच्या डब्यावर नंबराखेरीज इंग्रजी अक्षरें असतात. शेंवटचें एफ हें अक्षर ती तरंगणारी आहे असें सांगतें. पुढचीं दोन अक्षरें तिचा आकार सांगतात. डीटी म्हणजे दोन्ही टोंकांस निमुळती. डब्ल्यूएफ म्हणजे जिचें सारें वजन पुढें आणून मागचा भाग बारीक ठेवला आहे अशी. निमुळतेपणाचें कारण पाहावयाचें तर गाडीवानाचा आसूड पाहावा. मुठीकडे जाड व टोंकाकडे बारीक असल्यामुळें त्याच्या अंगांतला जोर पुढें सरकत सरकत वेग घेतो. दोरीचा आसूड वाजूं द्यावयाचा नसतो, माशी अलगद उतरवावयाची असते, एवढाच फरक. दुकानदार पुढें जड असलेल्या दोरीचें कौतुक करतात, पण पहिल्या तीस फुटांत या दोन आकारांत नांव घेण्याजोगा भेद नाहीं. लांब फेंकावयाचें असेल तर दुसरी सोयीची, आणि ती रिळावर जागाहि कमी घेते. लहान नदीवर पहिली बरी. कारण एक टोंक झिजलें म्हणजे दोरी उलटी करून दुसरें टोंक वापरतां येतें. लुगड्याला दंड घालून त्याचें आयुष्य वाढविणाऱ्या घरांत या गुणाची निराळी शिफारस करण्याची गरज नाहीं.

तरंगण्याचें म्हणाल तर रेशीम स्वभावतः पाण्यापेक्षां जड आहे. रेशमी दोरीला चरबीचें मेण चोळून तरंगवीत असत, आणि दुपारपर्यंत तें धुपून ती बुडूं लागे. आजची दोरी म्हणजे आंत विणलेलें सूत आणि बाहेर प्लॅस्टिकचें अस्तर. प्लॅस्टिकहि खरें म्हणजे बुडणारेंच. परंतु त्यांत डोळ्यांना न दिसणारे काचेचे पोकळ कण मिसळलेले असतात, त्यांतल्या हवेमुळें दोरी वर राहते. याची किंमत एकच द्यावी लागते: तेवढ्याच वजनाची प्लॅस्टिकची दोरी रेशमापेक्षां जाड होते आणि वारा तिला अधिक अडवतो. जुन्या कळकाच्या काठीवर आजहि कोणी हट्टानें रेशमी दोरी लावतात, तो केवळ जुन्याचा सोस नव्हे.

उष्ण प्रदेशांतल्या श्रोत्यांनीं आणखी एक खबरदारी घ्यावयाची असते. कांहीं दोऱ्यांचें अस्तर गरम समुद्रावरच्या मासेमारीसाठीं मुद्दाम कडक केलेलें असतें, कारण साधी दोरी त्या उन्हांत ढिली पडते. मुंबईच्या हवेंत अशी दोरी हाताला झकास लागते. तीच वितळलेल्या बर्फाच्या पाण्यांत घातली म्हणजे रिळावरचीं वेटोळीं तशींच राहतात आणि घड्याळाच्या कमानीसारखी दोरी पाण्यावर पडून राहते. डब्यावर थंड पाण्यासाठीं असें लिहिलेलें असावें. रंगाविषयीं मोठमोठे वाद झालेले आहेत. माशाजवळ दोरी नव्हे, लीडर जातो, तेव्हां आपल्या डोळ्यांना जो रंग दिसेल तो घ्यावा व वाद इतरांना करूं द्यावा.

शेंवटीं एक कटु गोष्ट. ताठ काठ्यांचा जमाना आल्यापासून कांहीं कारखानदार छापील नंबरापेक्षां अर्धा, क्वचित् पुरा एक नंबर जड दोऱ्या काढतात. डब्यावर ५ छापतात आणि आंत १६० ग्रेन भरतात. असल्या डब्याला भुलून नवी दोरी आजोबांच्या काठीला लावली, तर सहा नंबरची परत केल्याचा उपयोग काय! प्रामाणिक कारखानदार पहिल्या तीस फुटांचें वजन ग्रेनमध्यें किंवा ग्रॅममध्यें डब्यावर देतात, तें अवश्य पाहावें. दिलेलें नसेल तर दोरीचे पुढचे तीस फूट मोजून, त्याचें वेटोळें करून ओळखीच्या सोनाराच्या कांट्यावर ठेवावें आणि बाकीची दोरी पारड्याबाहेर सैल धरावी. पांच नंबरची खरी दोरी नऊ ग्रॅमच्या आसपास भरते; साडेनवाच्या वर कांटा गेला तर ती पांच नंबरची नव्हे, मग डब्यावर कांहींहि लिहिलेलें असो.

दोरी बुडूं लागली म्हणजे बहुधा ती मळलेली असते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकें एवढ्यानें ती पुन्हां तरंगते. डांस व ऊन यांच्यासाठीं हाताला जीं औषधें चोळतात तीं मात्र अस्तराला खातात, म्हणून तीं लावल्यावर हात धुऊनच दोरीला स्पर्श करावा. संध्याकाळीं ती पुसून तशीच रिळावर गुंडाळून ठेवली तरी चालतें. आजोबांच्या रेशमी दोरीप्रमाणें खुर्चीच्या पाठीवर रात्रभर वाळत घालावी लागत नाहीं.